तळाच्या गाळाची नळी होडीत येईपर्यंत गढूळ होते, काय चुकतंय?

करलीकाठ

नमस्कार. मी देवबागची, समुद्रविज्ञानाच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प आहे करली नदीच्या मुखाबाहेरच्या तळात राहणाऱ्या पॉलिकीट (अंगावर केसांसारखे राठ काटे असलेल्या समुद्री) किड्यांवर: कुठल्या गाळात कोणते किडे असतात आणि वरच्या १० सेंटिमीटरमध्ये ते किती खोलवर सापडतात. त्यासाठी तळ जसाच्या तसा, थर न मोडता वर यायला हवा.

विभागात ग्रॅब आहे, म्हणजे होडीतून दोरीने सोडायचा, तळाचा घास घेणारा लोखंडी जबडा. तो आधी वापरून पाहिला. आमच्या जागेवर खडपांच्या मध्ये वाळूचे पट्टे आहेत आणि शिंपल्यांचा चुरा खूप. दर दुसऱ्या खेपेला जबड्यात शिंपला अडकतो, फट राहते आणि वर येईपर्यंत निम्मा माल धुऊन जातो. जे हाती लागतं ते कालवलेल्या भातासारखं, त्यात वरचं काय आणि खालचं काय ते ओळखता येत नाही. म्हणून डुबी मारून नळ्यांनी नमुने घ्यायचं ठरवलं. सोबत चुलतभाऊ असतो, तो तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा करवतो. मीही रीतसर शिकले आहे. होडी बाबांची.

खोली ६ ते ९ मीटर. अ‍ॅक्रिलिकच्या नळ्या, आतला व्यास ७ सेंमी, लांबी ३० सेंमी, दोन्ही तोंडांना रबरी बुचं. तीन दिवसांत ९ नळ्या काढल्या. दोन नळ्यांतली वाळू उचलतानाच खालून निसटली. पाच नळ्यांत वरचं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं, गाळाची वरची रेघच दिसेना. धड आल्या त्या दोन.

माझं नेमकं काय चुकतंय? नळी दाबताना, बूच लावताना की वर आणताना? शिवाय गाइड सरांचं म्हणणं आहे की याच नळ्यांतून जड धातूंसाठीही गाळ काढून ठेव. ते चालेल का?

पाणबुड्या_तारकर्ली

नळ्यांचं मला कळत नाही, हवेचं कळतं, म्हणून तेवढंच लिहितो.

पर्यटकाला हात धरून फिरवणं वेगळं आणि तळावर जोर लावून काम करणं वेगळं. शांत पोहणारा माणूस पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. जोर लावणारा ३० लिटरपर्यंत सहज जातो. ८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या १.८ पट, म्हणजे मिनिटाला ५४ लिटर. १२ लिटरच्या टाकीत २०० बारला २४०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव, म्हणजे ६०० लिटरला हात लावायचा नाही. उरलेल्या १८०० लिटरमध्ये तुला मिळतात ३३ मिनिटं, तीही जाण्यायेण्यासकट. एका डुबीत चार नळ्या नीट होतात. नऊ काढायच्या म्हणून घाई केलीस तर नळ्याही बिघडतील आणि तूही.

भावाला नळ्या दाबायला लावू नकोस. त्याने नळ्या ठेवायचा क्रेट धरायचा, तुझा हवेचा गेज बघायचा आणि वर होडी कुठे आहे त्यावर लक्ष ठेवायचं. निळा-पांढरा अल्फा झेंडा होडीवर हवाच, तिथून यांत्रिक होड्यांची ये-जा असते. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांब. ९ मीटरवरून येताना त्याची सक्ती नाही, पण काम करून दमलेल्या अंगाला मी थांबवतोच.

खोलपाणी

पोरी, उत्तर देण्याआधी एक विचारतो. दोन्ही बुचं लावून झाल्यावर, तळावरच, नळी डोळ्यांसमोर धरून पाहिली होतीस का? तेव्हा वरचं पाणी निवळ होतं की तिथेच ताक झालं होतं?

करलीकाठ

काका, मी पाहिलं नव्हतं, पण भावाकडे कॅमेरा होता. आत्ता चित्रफीत लावून बघितली. पाचपैकी चार नळ्या तळावर निवळ आहेत! गाळाच्या वर तपकिरी थर स्पष्ट दिसतोय. एकच तिथेच गढूळ झालेली आहे. म्हणजे वर आणताना?

खोलपाणी

म्हणजे चार नळ्या होडीच्या कडेला बिघडल्या. हे कळायला मला स्वतःला दोन हंगाम लागले होते, म्हणून आधी तेच विचारलं. मी एका प्रयोगशाळेत पाणबुड्या तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षं हेच काम केलं. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंतच्या खाड्यांचे तळ हाताने चाचपलेत.

तळाला दोन्ही बुचं पाण्यातच बसतात, त्यामुळे नळीत हवा अजिबात नसते. नळी पाण्याबाहेर आली की आतल्या पाण्या-गाळाचा सगळा भार खालच्या बुचावर येतो. बूच आणि नळीच्या मध्ये वाळूचे चार कण अडकले असतील तर तिथून थेंब थेंब गळती सुरू होते. वरचं बूचही सैल असेल तर जेवढं पाणी खालून गेलं तेवढी हवा वरून आत शिरते. तो हवेचा बुडबुडा होडी हलली की पुढे-मागे पळतो, आणि रवीने ताक घुसळावं तसं आतलं पाणी घुसळतो. त्यात वरचा थर मोडतो. होडीच्या इंजिनाची थरथर वरून वेगळी. तिने बारीक वाळू दबून बसते आणि तुझी सेंटिमीटरची मापं चुकतात.

यावर मी असं करायचो. बूच लावण्याआधी नळीचं तोंड बोटाने आतून-बाहेरून पुसून घ्यायचं, तिथेच, पाण्यात. बुचाला ग्रीस किंवा व्हॅसलिन लावायचं नाही, ते सेंद्रिय कार्बनच्या मोजणीत घुसतं. होडीत समुद्राच्या पाण्याने भरलेला पिंप ठेवायचा आणि क्रेट वर आला रे आला की नळ्या उभ्याच्या उभ्या त्यात बुडवायच्या. आत-बाहेर दोन्हीकडे पाणी असलं की गळती थांबते. पिंपाखाली ओले गोणपाट आणि त्याखाली जुनी टायरची ट्यूब. इंजिन चालू करण्याआधी, होडी नांगरावर असतानाच नळ्या कापून मोकळं होता आलं तर उत्तमच. आम्ही बहुतेक वेळा तसंच करायचो, भले दोन तास जास्त लागोत.

तळावरच गढूळ झाली ती एक नळी बहुतेक वरच्या बुचाने बिघडवली. तुझं बूच सपाट, बिनभोकाचं असणार. ते दाबलंस की आतल्या पाण्याला जायला जागा नसते, ते खाली गाळावर आदळतं. वरच्या बुचाला मधोमध ५ मिलिमीटरचं भोक पाड आणि त्यात घट्ट बसेल अशी छोटी गुडदी कर. आधी भोक उघडं ठेवून बूच बसवायचं, जादा पाणी भोकातून निघून जातं, मग गुडदी मारायची. ती सैल राहिली तर होडीत हवा शिरते, तेव्हा तिच्यात कसूर नको. आणि नळी पूर्ण खुपसू नकोस. ३० सेंमीच्या नळीत २० सेंमी गाळ पुरे, वर १० सेंमी पाणी राहू दे. तुला तर वरचे १० सेंमीच हवेत.

वाळू निसटली त्या दोन नळ्यांबद्दल. चिखल असता तर वरच्या बुचाच्या ओढीनेच तो नळीत टिकला असता. चुऱ्याची जाड वाळू अशी धरून राहत नाही. वरचं बूच लागलं की नळी हलवायची नाही. एका हाताने बाजूची वाळू उकरून नळीच्या तळापर्यंत जायचं, तळवा खाली सारायचा, आणि तळवा काढता काढता खालचं बूच सरकवायचं. हे सगळं नळी खड्ड्यात असतानाच. आधी उचलून मग बूच लावायला गेलं की वाळू वाट बघत नाही.

आता तळावर कसं पोहोचायचं. वरचा तपकिरी थर म्हणजे तळाची कातडी. काही मिलिमीटर ते फार तर दोन-तीन सेंटिमीटर. पाण्यातला प्राणवायू तिथपर्यंत झिरपतो, त्याखाली गाळ राखाडी-काळा होत जातो आणि नाकाला सडक्या अंड्याचा वास येतो. तुझे बहुतेक किडे या कातडीत आणि तिच्या लगेच खाली. ती इतकी हलकी असते की फिनच्या एका फटक्याने उडते. ग्रॅबचं तेच दुखणं आहे: शिंपला अडकला नाही तरी खाली येताना तो पुढचं पाणी ढकलत येतो, आणि त्या लोटाने हलकी कातडी आधीच बाजूला होते. खडपांच्या मधल्या पट्ट्यात तर तो नेमका कुठे पडला तेही कळत नाही. डुबी मारायची ती एवढ्यासाठी. तीच कातडी आपण पायाने उडवली तर पाण्यात उतरण्याला अर्थ उरत नाही. म्हणून ओढीला, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाला, तोंड करून काम कर, उडालेला गाळ तुझ्या मागे वाहून जातो. ज्या जागी गुडघे टेकलेस तिथला नमुना घ्यायचा नाही, हात लांब करून पुढचा घ्यायचा. शिसं नेहमीपेक्षा किलोभर जास्त बांध. तरंगत राहिलीस तर नळी दाबताना नळी खाली जायच्या ऐवजी तूच वर जाशील. नळी गोल गोल फिरवत, हळू. दाबताना श्वास चालूच ठेव. जोर लावताना माणूस नकळत श्वास धरतो, आणि पाठीवर टाकी असताना ती सवय जिवावर बेतू शकते.

शेवटचं, आणि हे मी कळकळीने सांगतो. क्रेट स्वतः घेऊन वर यायचं नाही. ७ सेंमी व्यासाच्या नळीत २० सेंमी गाळ आणि १० सेंमी पाणी म्हणजे हवेत पावणेदोन किलोच्या आसपास, पाण्यात अर्धा किलो. चार नळ्या, क्रेट, वर क्रेटला बांधलेलं शिसं, असं मिळून ओझं बरंच होतं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका खाडीच्या तोंडाशी क्रेट कवेत घेतला आणि अंगातल्या डुबीच्या जॅकेटमध्ये हवा भरून वर निघालो. ४ मीटरवर क्रेट हातातून सुटला. ओझं गेलं, हवा तशीच राहिली, मी बाटलीच्या बुचासारखा वर उडालो. ओरडत वर आलो म्हणून छातीतली हवा बाहेर पडत राहिली. डावा कान पंधरा दिवस बंद होता आणि सहा नळ्या तळाला गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर क्रेट कायम होडीच्या दोरीला. तू वर येऊन होडीला हात लावल्यावरच बाबांनी दोरी ओढायची, हळूहळू, झटका न देता.

६३_मायक्रॉन

काकांनी डुबीचं सगळं सांगितलं आहे. मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते, कारण गाइड सरांची सूचना मला धोक्याची वाटते.

किडे आणि धातू एकाच नळीतून घेऊ नकोस. किड्यांसाठी गाळ चाळायचा आणि फॉर्मलीनमध्ये घालायचा असतो, धातूंसाठी त्याला शक्य तितकं कशाचाच स्पर्श नको. वेगळी नळी घे. अ‍ॅक्रिलिक धातूंसाठी चांगलं आहे, पण नळी आणि डबे आधी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने धुतलेले हवेत. कापताना स्टीलची सुरी नको, प्लॅस्टिकची पट्टी वापर आणि नळीच्या भिंतीला लागलेली बाहेरची कड टाकून देऊन फक्त मधला गाळ घे. उद्या कुणी सूक्ष्म प्लॅस्टिकही मोजायला सांगितलं तर मात्र या नळ्या बाद. त्याला काच किंवा धातूच लागतो.

कणांच्या मापासाठी ठेवलेला गाळ गोठवू नकोस, ४ अंशांवर ठेव. गोठवलं की मातीच्या कणांचे गोळे होतात आणि मापं बदलतात. धातूंचा आणि कार्बनचा भाग उणे २० वर. तुमच्याकडे शिंपल्यांचा चुरा खूप आहे म्हणतेस, तर सेंद्रिय कार्बन मोजण्याआधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायला विसरू नकोस, नाहीतर शिंपल्यातला कार्बन किड्यांच्या अन्नात मोजला जाईल.

नळीच्या व्यासाबद्दलही एक. ७ सेंमी व्यासाच्या नळीचं तोंड साधारण ३८ चौरस सेंमीचं. तळावर मोठे किडे विरळ असतात, त्यामुळे एका नळीत एकही न येणं अगदी शक्य आहे. १० सेंमीची नळी मिळाली तर तोंड दुपटीने वाढतं, ७८ चौरस सेंमी. ती नसेल तर प्रत्येक जागेवर ७ च्या निदान पाच नळ्या घे, आणि त्या पाच वेगवेगळ्या ठिकाणी खुपसलेल्या असाव्यात. एकाच नळीचे पाच भाग करून पाच नमुने म्हणू नकोस, परीक्षक तिथेच धरतील. पाणबुड्यांनी डुबीत चार नळ्या सांगितल्यात, तेव्हा एका जागेला दोन डुब्या धरून चाल.

चाळणी ०.५ मिलिमीटरची. चाळताना पाण्याची जोराची धार नको, चाळणी पाण्यात बुडवून हलकी हलवायची, पॉलिकीट फार पटकन तुटतात. एक भाग बाजारातलं फॉर्मलीन आणि नऊ भाग समुद्राचं पाणी, त्यात चिमूटभर बोरॅक्स. रोझ बेंगाल रंग घातलास तर जिवंतपणी पकडलेले किडे गुलाबी होतात आणि वेचायला सोपे जातात. हातमोजे घाल आणि हे काम होडीच्या उघड्या बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून कर. उरलेलं फॉर्मलीन समुद्रात ओतू नका, परत आणा.

रापणकर

माझं शिक्षण नाही यातलं, पण पाणी आम्ही रोज बघतो. तुम्ही कुठल्या दिवशी गेलात ते लिहिलं नाहीत. चित्रफितीत पाणी किती पळतंय ते बघा.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात करलीच्या तोंडाशी ओढ इतकी असते की माणूस एका जागी टिकत नाही. भांगेचे दिवस धरा, अष्टमी-नवमीच्या आसपासचे. माझे बापूस सांगायचे, "उधाणाक तळ दिसाचो नाय, भांगेर ये." त्यातही पूर्ण भरती होऊन पाणी थांबतं तो अर्धा-पाऊण तास धरायचा. तेव्हा बाहेरचं निवळ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की नदीचा गढूळ उतार बाहेर येतो आणि तुम्हाला स्वतःचा हात दिसणार नाही. सकाळी लवकर जा. दुपारी वारा उठला की होडी नांगरावर नाचते, मग ते पिंप-गोणपाट काही कामाचं नाही. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे लागली आहे ते आधी विचारून घ्या. जाळ्यात पाणबुड्या अडकला तर दोघांचंही नुकसान.

दुसरं म्हणजे मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या आसपासचा भाग त्यात येतो. तिथली मूठभर वाळू उचलायलासुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. प्रवाळ तर चुकूनही हलवायचं नाही. देवबागच्या बाहेर तुमची जागा कुठे पडते ते नकाशावर एकदा नीट बघा.

करलीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रापणकर दादा, जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. गाइड सरांनी नकाशा लावून पाहिलं, आणि बंदर कार्यालयाला व मच्छीमार सोसायटीला पत्रही दिलं. पण दिवसांचं तुम्ही बरोबर ओळखलंत. आम्ही तिन्ही वेळा पौर्णिमेच्या आगेमागे गेलो होतो, कारण कॉलेजला सुट्टी तेव्हाच होती. बाबा तेव्हाच कुरकुरले होते, मी ऐकलं नाही.

काका, क्रेटची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच दोरी बदलली, आता नवीन दोरी आहे आणि ती ओढायचं काम दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणतात.

६३ ताई, गाइड सरांशी बोलले. धातूंच्या नळ्या वेगळ्या घ्यायला त्यांनी होकार दिला.

करलीकाठ

नऊ दिवसांनी परत लिहितेय. काल नवमी होती. भरतीच्या पाण्यात सकाळी पावणेआठला उतरलो. पहिल्या डुबीत चार नळ्या, दीड तासाने दुसऱ्या डुबीत चार. भावाने क्रेट धरला, मी बुचांना भोकं पाडून रबराच्या गुडद्या केल्या होत्या. पहिली नळी माझ्याच घाईने गेली, तोंड पुसायचं विसरले आणि वाळूमुळे बूच बसलं नाही. बाकी सात होडीत आल्या तेव्हा निवळ होत्या. पिंपात उभ्या केल्या आणि बाबा, भाऊ, मी तिघंही नुसते बघत राहिलो. वर काचेसारखं पाणी, खाली तपकिरी रेघ, त्याखाली राखाडी.

एका नळीत किड्याने वाळू चिकटवून बांधलेलं घर तसंच उभं होतं, सुताएवढं, दोन सेंटिमीटर पाण्यात वर आलेलं. मी टॉर्च धरला तेव्हा टोकाशी काहीतरी हललं आणि आत गेलं. बाबा आयुष्यभर या पाण्यावर आहेत, त्यांनी हे पहिल्यांदाच बघितलं. "ह्या आमच्या होडीखाली असता काय?" एवढंच म्हणाले.

खोलपाणी

सात म्हणजे फार छान. त्या नळीचा फोटो काढला असशील तर टाक. आणि कापण्याआधी वरचं पाणी ओतून नाही ना दिलंस? हलवाहलवीत काही किडे त्या पाण्यात येतात, ते चाळणीतूनच गाळायचं आणि पहिल्या सेंटिमीटरच्या डब्यात घालायचं.

करलीकाठ

बारीक नळीने ओढून काढलं आणि चाळणीवर घेतलं. त्यात तीन सापडले, तिघेही पहिल्या सेंटिमीटरच्या डब्यात आहेत. फोटो रात्री टाकते, आत्ता चाळणी हातात आहे.